पाचव्या गोलाचा धनी

रेयो तिस्सारीने अकरा हंगामांत चार गोल केले, असं कागद सांगतात. लेपिक्कोतल्या शेंबड्या पोराला विचारलंत तर ते पाच सांगेल, आणि बरोबर पोराचंच आहे. पाचवा कागदावर नाही, कारण आइस हॉकीत आपल्याच जाळीत गोल मारणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत. समोरच्या संघातल्या ज्याची स्टिक चकतीला शेवटची लागली असेल, त्याच्या नावावर तो गोल जमा होतो. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण त्यांना काही लेपिक्कोत राहायचं नव्हतं.

आमचं गाव चार हजार वस्तीचं. एक लाकडाची गिरणी, एक बाजारचौक, एक रिंक, आणि दुसऱ्याची फजिती जपून ठेवण्याची दांडगी हौस. जत्रेत कोण तळ्यात पडला, कुणाच्या लग्नात पाद्री झोपला, हे आम्ही तीन पिढ्या सांभाळतो. स्वतःची मात्र लवकर विसरतो. रेयोला हे लहानपणापासून माहीत होतं, म्हणून त्याने गावाचं काम सोपं करून ठेवलं. आपली फजिती तो स्वतःच सांगतो, आणि दुसऱ्या कुणाहीपेक्षा रंगवून सांगतो.

तो खेळायला लागला तो तळ्यावरच्या बर्फावर. थोरल्या भावाला पुढे खेळायचं होतं, म्हणून हा मागे. अंगाने आडवा, वेगाने बेताचा. सरळ धावताना धापा टाकायचा, पण उलटा, म्हणजे पाठ आपल्या जाळीकडे आणि तोंड शत्रूकडे करून असा सरकायचा की बघत राहावं. बचावपटूचं निम्मं आयुष्य असं उलटं सरकण्यातच जातं. "मी कुठे चाललोय ते मला कधीच दिसलं नाही," रेयो म्हणतो, "कुठून आलो तेवढं मात्र स्वच्छ दिसायचं." तूलिक्कीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं म्हणणं असं की लग्न ठरेपर्यंत तिने याची पाठच जास्त पाहिली होती आणि ती बरी वाटली म्हणून ती फसली.

एकविसाव्या वर्षी तो हाउकीत आला. हाउकी म्हणजे आमच्या तळ्यातला तो दातांचा मासा, आणि त्याच नावाचा आमचा संघ. रेयो पगारी खेळाडू झाला. पगार इतका की त्याच्या बापाने दोनदा विचारलं, हा आठवड्याचा की वर्षाचा? वर खाटीक दर सामन्यामागे दोन किलो सॉसेज द्यायचा. काम एकच: समोरच्याने चकती हाणली की आपलं अंग मध्ये घालायचं. ती चकती म्हणजे गोठवलेलं कडक रबर, तळहाताएवढं. त्यात रेयोचे तीन दात गेले, नाक दोनदा मोडलं, गळ्याजवळचं डावं हाड एकदा. चारपैकी एक गोल त्याच्या पाठीला लागून गेला. तो कुठल्या दिशेने आला हे त्याला संध्याकाळी रेडिओवर कळलं.

आणि मग एक्क्याण्णवच्या मार्चमधला तो सामना. सालमेलाविरुद्ध. जिंकलो तर हाउकी वरच्या गटात. गिरणीला सुट्टी, बाजार बंद, सगळं गाव बसा करून सालमेलात. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या डावात दोन-दोन. सालमेलाच्या एकाने आमच्या माणसाला आडवा पाडला आणि पंचाने हात वर केला. आता असा हात वर असताना चकती आमच्याकडे असेल तर खेळ चालू राहतो, त्यांनी नुसती चकती अडवून धरली की शिट्टी. म्हणजे तेवढा वेळ त्यांना गोल मारायची सोयच नसते. म्हणून सगळे संघ काय करतात, आपल्या गोलकीपरला बाहेर बोलावतात आणि त्याच्या जागी हल्ल्याला एक जास्तीचा माणूस सोडतात. मागे जाळी उघडी टाकलेली. तिच्यात गोल घालू शकतील अशी जगात फक्त सहा माणसं उरतात, आणि ती सहाही आपलीच असतात.

रेयो सालमेलाच्या कोपऱ्यात होता. त्याने मागे न बघता जोडीदाराला पास दिला. मागे बघायची गरजच नव्हती, अकरा वर्षं तो जोडीदार तिथेच उभा असायचा. नेमका त्या क्षणी तो दमून बाकाकडे निघाला होता. चकती मधली रेघ ओलांडून गेली आणि सरकत राहिली. सालमेलाचे खेळाडू तिला हात लावेनात. कशाला लावतील? एक जण तर स्टिक वर धरून अदबीने बाजूला झाला. रेयो वळला आणि मागे धावला. सरळ धावणं त्याला येत नव्हतं हे तेव्हा बाराशे लोकांनी पाहिलं. चकती जाळीत पोचली तेव्हा तिच्यात जाळी हलवण्याइतकाही जोर उरला नव्हता. गोल लागला कुणाच्या नावावर, तर मघाशी धक्का देऊन पाडणाऱ्याच्याच.

परतीच्या बसमध्ये अडीच तास कुणी एक शब्द बोललं नाही. कोच नाही, जोडीदार नाही. फक्त ड्रायव्हरने एकदा विचारलं, "कुणाला लघवीला थांबायचंय का?" रेयोला थांबायचं होतं, पण त्याची बोलायची हिंमत झाली नाही. ही गोष्ट सांगताना तो इथे सगळ्यांना हसवतो. त्या अडीच तासांत आपण खिडकीच्या काचेला कपाळ लावून रडलो, हे मात्र तो सांगत नाही. ते फक्त तूलिक्कीला माहीत आहे, कारण कपाळावर गोठलेल्या काचेचा लाल वळ घेऊन तो घरी आला होता.

पुढच्या हंगामाला करार झाला नाही. रेयो गिरणीत लागला, मग रिंकची देखभाल त्याच्याकडे आली. बर्फ गुळगुळीत करायचं मशिन चालवायचं, दिवे लावायचे, सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवायचा. गावाने त्याची आठवण अशी ठेवली की दर फेब्रुवारीत तळ्यावर तिस्सारी स्पर्धा भरते. लांबून चकती सरकवायची आणि रिकाम्या जाळीत घालायची. ज्याची सगळ्यात हळू पोचेल तो जिंकला. मध्ये थांबली तर बाद. घड्याळ घेऊन पंच कोण, तर स्वतः रेयो. बक्षीस तूलिक्कीच्या भट्टीतला मासे भरलेला राय धान्याचा पाव. पहिल्या वर्षी पंच व्हायला त्यानेच हात वर केला होता. हसतील तर माझ्या देखत हसू देत, असा त्याचा हिशेब. बाजारात कॉफी मागितली की दुकानदार कप त्याच्याकडे फळीवरून हळूहळू सरकवतो, आणि आजूबाजूचे सगळे बोलायचं थांबवून बघतात. सव्वीस वर्षं कपात कॉफी निम्मीच उरते.

कोच तो झाला अपघाताने. आधीचा कोच ऐन नोव्हेंबरात एका स्वीडिश दंतवैद्यिणीच्या मागे देश सोडून गेला, आणि रिंकच्या किल्ल्या रेयोकडे होत्या. मंडळाने विचार केला, कुलूप उघडायला येतोच आहे तर थांबेल तासभर. तो थांबला आणि आश्चर्य म्हणजे त्याला ते जमलं. दिवसा नोकरी करून संध्याकाळी खेळणाऱ्या त्या पोरांना त्याने उलटं सरकायला शिकवलं. हाउकी दोन वर्षांत गटाच्या तळातून वर आली.

त्याचा नियम एकच होता, आणि तो सगळ्या गटात कुप्रसिद्ध होता. पंचाचा हात वर गेला तरी आपला गोलकीपर जाळी सोडणार नाही. का, असं कुणी विचारलं नाही. तीन वर्षं हान्नेस, पोस्टाची गाडी चालवणारा आमचा गोलकीपर, जाळीत उभा राहून बघत बसायचा आणि जास्तीचा माणूस बाकावर बसून असायचा. समोरचे प्रेक्षक ओरडायचे, "हान्नेस, घरी जा, तिस्सारी येतोय!" खेळाडू दात खाऊन गप्प राहायचे. कोचची कीव करण्यात काही सामने हातचे गेले.

दोन हजार सतराच्या मार्चमध्ये हाउकी पुन्हा त्याच दारात येऊन उभी राहिली. शेवटचा सामना घरच्या रिंकवर, कोर्पिलाविरुद्ध. जिंकलो तर वरच्या गटात. रेयो अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि हा हंगाम शेवटचा, हे त्याने मंडळाला कळवून टाकलं होतं. त्याला आता एकच हवं होतं: आपण मेल्यावर गावाने आपलं नाव काढलं तर ते त्या चकतीवरून नको. दुसरं काहीही चालेल. इतकं साधं मागणं, पण तूलिक्कीशिवाय कुणाजवळ बोलून दाखवण्याची सोय नव्हती. थट्टेचा धनी एकदा रडवेला झाला की गावाची पंचाईत होते.

सामन्याच्या आदल्या दिवशी सरावानंतर सगळे सौनात बसले होते. नीलो पिरस्कानेनने निखाऱ्यांवरच्या दगडांवर पाणी टाकलं. नीलो म्हणजे संघातला सगळ्यात चांगला बचावपटू, एकोणतीस वर्षांचा, वृद्धाश्रमात परिचारक. दिवसभर म्हाताऱ्यांना उचलतो, अंघोळी घालतो, त्यामुळे घाई त्याला माहीत नाही.

"कोच, एक विचारू?"

"विचार. उघडाच आहे मी, लपवायला काही नाही."

"उद्या पंचाचा हात वर गेला तर हान्नेसला बाहेर सोडायचं."

"सोडायचं म्हणजे?" वरच्या फळीवरून हान्नेस म्हणाला. "मी गाय आहे का, मे महिना आला की कुरणात सोडायला?"

कुणी हसलं नाही. सगळे रेयोकडे बघत होते. तो घाम पुसत म्हणाला, "अरे बाबा, माझ्यासारखा जाणकार माणूस नको म्हणतोय तर ऐकावं. या विषयातला तज्ज्ञ आहे मी."

"थट्टा नको," नीलो म्हणाला. "तीन वर्षं ऐकलं. तू आम्हाला सगळं शिकवलंस, पण भरवसा काही टाकला नाहीस. जे झालं ते तुझ्या हातून झालं. आम्ही काय केलंय?"

 रेयो बाहेर जाऊन बर्फात उभा राहिला, लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

जेवताना त्याने तूलिक्कीला सांगितलं. तिने बटाटे वाढले आणि विचारलं, "तो नियम कुणासाठी केलायस?"

"संघासाठी."

"मग संघ नको म्हणतोय ना?"

"पण काही झालं तर?"

"झालं तर झालं. तुझं झालं तेव्हा मी तुला टाकलं का?"

"तुला पावाचा धंदा होता. वेळ नव्हता तुला."

"खा गुपचूप," तूलिक्की म्हणाली. त्याने खाल्लं, आणि सकाळी रिंकवर जाऊन फळ्यावर लिहिलेला तो नियम स्वतः बाहीने पुसला.

सामना शनिवारी दुपारी चार वाजता सुरू झाला. बाराशे माणूस रिंकमध्ये, बाकीचं गाव दारात. खेळ चांगला झाला. नीलो तर असा खेळला की कोर्पिलावाल्यांना आमची जाळी नीट दिसलीही नाही. तिसऱ्या डावात नऊ मिनिटं उरली तेव्हा दोन-दोन. आणि कोर्पिलाच्या एकाने आमच्या पोराच्या पायात स्टिक घातली. पंचाचा हात वर गेला.

हान्नेसने बाकाकडे बघितलं. रिंकमधल्या बाराशे लोकांनीही बाकाकडेच बघितलं.  रेयोने हात हलवला: ये. हान्नेस जाळी सोडून सुटला, जास्तीचा माणूस आत गेला, आणि प्रेक्षकांतून असा कौतुकाचा आवाज उठला की रेयोला वाटलं, हेच आपण सव्वीस वर्षं गावाकडून मागत होतो.

चकती फिरली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. कोर्पिलावाले नुसते घुमत होते. नीलो कोपऱ्यात गेला, दोघांना अंगावर घेतलं, आणि मागच्या जोडीदाराकडे पास टाकला. जोडीदाराला समोर गोलची संधी दिसली म्हणून तो एक पाऊल आधीच जाळीकडे सुटला होता. चकती त्याच्या जागेवरून गेली. मधली रेघ ओलांडली. पुढे सरकत राहिली.

 सगळ्यांनी नुसतं पाहिलं. आणि रेयोच्या छातीतून श्वास सुटला, त्याच्याबरोबर मनात शब्द आला: सुटलो. आता दुसऱ्याचं नाव. देवाशप्पथ, त्याला आनंद झाला. क्षणभरच, पण चांगला गुबगुबीत आनंद. मग त्याला चकतीमागे धावणारा नीलो दिसला. ते धावणं रेयोला आतून ठाऊक होतं. पोचणार नाही हे तिसऱ्या पावलाला कळतं आणि तरी थांबता येत नाही, कारण थांबलं तर लोक म्हणणार, थांबला. रेयोला आपल्या आनंदाची इतकी लाज वाटली की त्याने बाकाची कड घट्ट धरली. गोल झाला. तीन-दोन. उरलेली मिनिटं सगळे जिवाच्या आकांताने खेळले, आणि हाउकी हरली.

कपडे बदलायच्या खोलीकडे जाताना कॉफीच्या खिडकीपाशी दोघे बोलत होते. "स्पर्धेचं नाव बदलावं लागणार आता." "पिरस्कानेन स्पर्धा. म्हणायला जरा लांब होतं." "होईल सवय." त्यांनी रेयोला पाहिलं आणि एकाने त्याच्या खांद्यावर थाप मारली. इतक्या वर्षांत गावाने त्याच्या खांद्यावर असा प्रेमाने हात ठेवला नव्हता. म्हणजे आपसूक सुटका झाली होती. त्याने फक्त गप्प बसायचं होतं, तेवढंच.

खोलीत कुणी बोलत नव्हतं. नीलो बाकावर बसला होता, स्केट्स पायात, हेल्मेट मांडीवर. मोठाले हात दोन्हीकडे लोंबत होते. दारात काइसू उभी होती, वही उघडून. गावच्या साप्ताहिकात खेळ, पाककृती आणि मृत्युलेख ही तिन्ही खाती तीस वर्षं तीच सांभाळते.

"पास नीलोचाच ना?" तिने लिहिता लिहिता विचारलं. "पिरस्कानेन. नंबर चार."

रेयोने खोलीभर नजर फिरवली. हा तोच बसमधला अडीच तासांचा गप्पपणा होता, फक्त या वेळी कोच तो स्वतः होता.

"चुकीचं लिहितेयस," तो म्हणाला. "पास मागे टाक, असं मी ओरडलो. आणि मागच्याला, तू पुढे जा, असंही मीच ओरडलो. दोघांना दोन गोष्टी सांगितल्या. चूक माझी."

काइसूने चष्म्यावरून पाहिलं. "मी तुझ्या मागेच बसले होते, रेयो. तुझ्या तोंडून शब्द निघाला नाही."

"निघाला. हळू निघाला."

"हळू ओरडलास?"

"वय झालं."

नीलोने मान वर केली. त्याचे डोळे लाल होते. "कोच, उगाच खोटं बोलू नकोस. पास माझा होता."

"गप बस रे," रेयो म्हणाला. "सव्वीस वर्षं करतोय मी हे काम. तू आज लागलास, अजून पायातले स्केट्ससुद्धा काढले नाहीस. जमायचं नाही तुला. उद्या सकाळी तुला म्हाताऱ्यांना उठवायचंय. मला काय, मशिन चालवायचं आणि कप पुढे येईपर्यंत वाट बघायची. सवय आहे."

 मग वरच्या खुंटीवरून टॉवेल काढता काढता हान्नेसला हसू फुटलं, ओलं, नाकातून आलेलं, आणि दोघातिघांनी त्याच्या आडोशाने डोळे पुसून घेतले. नीलो वाकून नाड्या सोडायला लागला. त्याचे खांदे हलत होते. रेयो त्याच्या शेजारी बसला, जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल इतका.

"मग मी नेमकं काय लिहू?" काइसूने विचारलं.

"लिही, तिस्सारीने पुन्हा केलं," रेयो म्हणाला. "आणि या खेपेला बर्फावर पाय न ठेवता."

काइसूने नीलोचं नाव खोडलं आणि रेयोचं लिहिलं. ते कसं लिहायचं हे तिला विचारावं लागलं नाही.